एकाच माणसाचे दोन चेहरे एआयमधे करायला गेलं की तिसराच माणूस येतो, त्यावर काय करायचं

आधी प्रॉब्लेम सांगतो. एकाच माणसाचा अर्धा चेहरा रोजचा आणि अर्धा रंगवलेला असा फोटो एआयकडून करून घ्यायचा असतो, आणि फोटो येतो पण एकदम झकास येतो, लाइट काय, डोळे काय, फक्त त्यात आपला माणूस नसतो. डाव्या बाजूला कोणीतरी भलताच, उजव्या बाजूला त्याचा मावसभाऊ, आणि मधे नाकावरून शिवण मारल्यासारखी रेघ. परत रन केलं की अजून दोन नवी माणसं. पन्नास वेळा केलं तर पन्नास जोड्या, एक पण ओळखीची नाही.

माझं वेंगुर्ल्याच्या बाजूला बॅनर-फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. दिवाळी झाली की इथे जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार आलाच, त्यामुळे हे असलं काम माझ्याकडे सीझनला आठवड्यातून एकदा तरी येतंच येतं. कारण दशावतारात काम करणारे बरेचसे लोक दिवसा दुसरं काहीतरी करत असतात, कोण शेती, कोण रिक्षा, कोण रापणीवर म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्यावर, आणि रात्री मुकुट चढला की राजा. आमच्याकडे बोलतात पण तसंच, "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा". आता सगळ्यांना त्या बोलण्याचाच फोटो पाहिजे असतो, वाढदिवसाला, मंडळाच्या बॅनरवर, हल्ली तर डीपीला पण.

आमच्या वाडीत एक काका आहेत, दिवसा रापण ओढतात आणि रात्री राजपार्ट करतात. त्यांच्या फोटोने मला चार दिवस झोपू दिलं नाही, आणि खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं त्या चार दिवसांतच कळलेलं आहे.

पहिला प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो तर काकी पडवीत मासे साफ करत बसलेली. तिने हात न लावता नुसती मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, "ह्यो खयचो?" मी म्हटलं अगं काका आहेत. ती परत बघायला लागली, आणि तिचं ते दुसऱ्यांदा बघणंच मला लागलं, कारण ज्या बाईने तीस वर्षं हे तोंड बघितलंय तिला दुसऱ्यांदा बघायला लागतंय म्हणजे आपलं काम गेलंच. मग काका आले. त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे नव्हतंच. मी प्रॉम्प्टमधे, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या वर्णनात, लिहिलेलं की रोजच्या बाजूला तोंडात बिडी, आणि एआयने ती बिडी बरोब्बर राजाच्या बाजूच्या ओठात दिलेली. काका म्हणाले, "मुकुट चढल्यार बिडी ओढतत काय रे?" आणि कागद माझ्या हातात परत दिला. नाटकाच्या आधी ज्या मुकुटांची पूजा होते ते डोक्यावर घेऊन बिडी, हे त्यांना चालण्यातलं नव्हतंच आणि बरोबरच आहे त्यांचं.

तर या एका प्रिंटमधे दोन वेगळे बिघाड होते, आणि लोकांची चूक इथेच होते की दोन्ही एकच समजून नुसतं परत-परत जनरेटचं बटण दाबत बसतात. चेहरा बदलणं हा एक रोग आहे आणि इकडची वस्तू तिकडे जाणं हा दुसरा, दोघांची कारणं वेगळी.

बिडीचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. स्टेबल डिफ्युजन १.५ सारखी जी वर्णनावरून चित्र काढणारी मॉडेल्स आहेत त्यात तुम्ही लिहिलेलं वाक्य आधी क्लिप नावाच्या टेक्स्ट एन्कोडरमधून जातं, आणि तो एका वेळी ७७ टोकनच (शब्दांचे तुकडे) घेतो, त्यातली सुरुवातीची आणि शेवटची खूण सोडली तर ७५ आपल्या वाट्याला. म्हणजे तुम्ही पानभर लिहिलंत तर काही प्रोग्राम बाकीचं सरळ कापून टाकतात आणि काही त्याचे तुकडे पाडून आत ढकलतात. आणि जेवढं जातं त्यात पण कुठलं विशेषण कुठल्या माणसाचं हे घट्ट बांधलेलं राहत नाही, सगळं एका टोपात ओतून ढवळल्यासारखं होतं. लाल कपाळ, काळी लुंगी, सोनेरी मुकुट, बिडी, हे सगळे शब्द सगळ्या चित्रावर थोडे-थोडे सांडतात. नवीन मॉडेल्समधे हे बरंच सुधारलंय पण संपलेलं नाही. यावर उपाय असा की दोन्ही बाजूंचं वर्णन एका प्रॉम्प्टमधे लिहायचंच नाही. ही मॉडेल्स चालवायचे जे प्रोग्राम आहेत, कम्फीयूआय किंवा ऑटोमॅटिक११११, त्यात भाग पाडून वेगळे प्रॉम्प्ट देण्याची सोय मिळते, रीजनल प्रॉम्प्ट म्हणतात, ती वापरा नाहीतर सरळ दोन वेळा काम करा. मी दोन वेळा करतो. वेळ लागतो पण डोकं शांत राहतं.

अजून एक, जुन्या मॉडेल्सना "बिडी नको" असं लिहू नका, तो "बिडी" वाचतो आणि देतो. "मिशी नको" लिहिलं की हमखास मिशी. नको असलेलं निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या खान्यात टाकायचं, आणि मेन प्रॉम्प्टमधे जे पाहिजे तेच लिहायचं, म्हणजे "गुळगुळीत दाढी केलेला ओठ" असं.

आता मोठा रोग, चेहरा.

मला वाटायचं की सीड तोच ठेवला की चेहरा तोच राहील. नाही राहत. सीड म्हणजे सुरुवातीला जो मुंग्या-मुंग्यांचा पडदा असतो, जुन्या टीव्हीवर अँटेना हलली की यायचा तसा, तो कुठला घ्यायचा याचा नंबर. त्या मुंग्यांतून चित्र काढताना मॉडेल शब्दांकडे बघतं, शब्द बदलले की चित्र बदललं, चेहरा पण त्यातच आला. आणि शब्दांना स्वतःचे चेहरे असतात ही गोष्ट मला फार उशिरा कळली. "राजा" लिहिलं की त्याच्याकडे राजाचा एक ठरलेला चेहरा आहे, गोरा, धारदार नाक, कोरलेली दाढी. "कोळी" लिहिलं की पांढरी दाढी आणि तोंडभर सुरकुत्या. आमचे काका दोन्हीत बसत नाहीत, गोल तोंड, बाहेर आलेले कान, वरचा एक दात अर्धा तुटलेला. म्हणजे मी एका वाक्यात दोन धंदे लिहिले आणि मॉडेलने दोन धंद्यांचे दोन माणूस आणून एकमेकांना चिकटवले, त्याच्या दृष्टीने काम फत्ते.

म्हणून पहिली गोष्ट, प्रॉम्प्टमधे धंदा, पदवी, पात्र यांची नावं लिहूच नका. अंगावर काय आहे ते लिहा. "राजा" नाही, "कपाळावर लाल-पांढरा रंग, डोळ्यात जाड काजळ, रंगवलेल्या काळ्या मिशा". याने निम्मा फरक तिथेच पडतो.

आणि दुसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दोन फोटो जोडायचेत हा विचारच डोक्यातून काढा. फोटो एकच आहे, त्याच्या अर्ध्या तोंडावर रंग चढवायचाय. मला हे सुचलं ते एका जत्रेत रंगपटात बसलेलो तेव्हा. दशावतारातले लोक आपलं तोंड आपणच रंगवतात, समोर हातातला आरसा, आणि मधेच कोणीतरी हाक मारली म्हणून काका उठले तर खरोखरचं अर्धंच तोंड रंगलेलं, एक भुवई राजाची आणि एक घरची. तेव्हा मी मनात म्हटलं, अरे मग जोडायचं काय आहे यात! माणूस एकच, नाक एकच, नाकाची सावली एकच. तुम्ही मूळ फोटो एकच धरलात की डोळे वरखाली होणं, हनुवटी सरकणं, डोकं वळणं हे सगळे प्रश्न उरतच नाहीत.

आता हे करायचं कसं. माझ्याकडे दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर स्टेबल डिफ्युजन १.५ आणि मग सारखे फॅन ओरडणार, म्हणून मी काही काम त्यावर आणि काही चॅटवाल्या टूलवर करतो. दोन्हीचं सांगतो.

कॉम्प्युटरवर करत असाल तर इनपेंटिंग. मूळ फोटो घ्या, रंगवायच्या बाजूवर मास्क मारा आणि तेवढ्याच भागात नवीन चित्र काढायला सांगा. मास्क मारताना डोळा सोडून द्या. डोळ्याचं बुबुळ, पापण्या आणि दात मास्कच्या बाहेर ठेवा, कारण माणूस ओळखू येतो तो मुख्यतः तिथून, आणि काजळ तर नंतर हाताने पण घालता येतं. मग डीनॉइझिंग नावाचा आकडा असतो, ० म्हणजे हात लावणार नाही आणि १ म्हणजे सगळं नव्याने काढणार. लोक इथे दोन टोकांना जातात. ०.३ ठेवला तर चेहरा राहतो पण रंग चढत नाही, नुसता गाल लाजल्यासारखा होतो. ०.७ च्या वर गेलात तर रंग मस्त आणि माणूस गायब. मी गालाला आणि कपाळाला ०.४५ ते ०.५ ठेवतो, आणि एकदा करून जो येईल तोच परत आत टाकून दुसरा हात मारतो, भिंतीला चुना मारतो तसा, पहिल्या हातात झाकायला बघायचं नाही. मुकुटासाठी वेगळा मास्क आणि तिथे खुशाल ०.८, कारण मुकुटाला काकांसारखं दिसायचं नाहीय.

मास्कच्या कडेला फेदर, म्हणजे कड विरत जाणं, ठेवा पण जास्त नको. आणि रेघ सरळ नाकावरून आणू नका, ते सगळ्यात खोटं दिसतं. खरा रंग कधी पट्टीने आखल्यासारखा संपत नाही, भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या कडेने, ओठाच्या कोपऱ्याला जरा वाकडी होऊन हनुवटीला थोडा ओघळ, अशी नेली की बघणारा रेघ शोधतच नाही.

चेहरा चित्रात मोठा पाहिजे. याचं कारण पण सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी उगाच मॉडेलला शिव्या घालत होतो. १.५ हे मॉडेल ५१२ बाय ५१२ च्या चित्रांवर शिकलेलं आहे, आणि आत काम करताना ते चित्र दोन्ही बाजूंनी ८ पटीने लहान करतं, म्हणजे ६४ बाय ६४ चौकोन. आता तुम्ही पूर्ण उभा माणूस मागितलात आणि त्यात चेहरा ८० पिक्सेलचा आला तर आत त्या चेहऱ्याला १० बाय १० चौकोन मिळाले, तेवढ्यात तुटका दात काय बसणार. त्याच्या पुढचं मॉडेल एसडीएक्सएल १०२४ वर चालतं म्हणून तिथे जरा बरं. पण नियम तोच, आधी छातीपर्यंतचा फोटो करा, पूर्ण माणूस, होडी, समुद्र, मांडव हे सगळं नंतर मागे लावा.

चॅटवाली टूल्स, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात सगळ्या बायकांचे साडीतले फोटो फिरत होते ते ज्याच्यावर केलेले त्या गूगल जेमिनीसारखी, त्यात मास्कबिस्क मारायला लागत नाही, बोलून काम. मराठी पण कळतं बऱ्यापैकी. मी साधारण असं लिहितो:

"हा फोटो आहे तसाच ठेव. चेहऱ्याचा आकार, डोळे, नाक, कान, दात, त्वचेचा रंग आणि डोक्याचा कोन आहे तोच पाहिजे. फोटोच्या उजव्या कडेकडचा अर्धा चेहराच रंगव: कपाळावर लाल-पांढरा रंग, डोळ्यात जाड काजळ, मिशीचा अर्धा भाग काळा रंगवलेला. डाव्या कडेकडचा अर्धा भाग घामेजलेला आणि उन्हाने रापलेला, जसा आहे तसा."

उजवा-डावा लिहिताना "फोटोच्या उजव्या कडेकडचा" असंच लिहा, नाहीतर माणसाचा उजवा की बघणाऱ्याचा उजवा यात तो आणि आपण दोघेही गोंधळतो.

या टूल्समधे जो ठरलेला बिघाड आहे तो म्हणजे घसरण. पहिल्या वेळी चेहरा बरोबर, मग तुम्ही म्हणता मुकुट जरा मोठा कर, मग लाइट जरा पिवळा कर, मग मागे मांडव दे, आणि पाचव्या वेळी बघता तर काकांचा धाकटा भाऊ बसलाय, आणि काकांना धाकटा भाऊ नाहीच. कारण प्रत्येक वेळी तो मागच्या चित्रावरून चित्र नव्याने काढतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं. म्हणून बदल एकावर एक रचायचे नाहीत. काय-काय पाहिजे ते कळेपर्यंत खेळा, मग नवीन चॅट उघडा, मूळ फोटो परत अपलोड करा, सगळ्या सूचना एकाच वेळी द्या. मी हे दोन ओळींत लिहिलं पण माझा एक पूर्ण दिवस यात गेलाय.

आणि तरी एवढं सगळं करून काकांच्या गालावर दोन तीळ येत होते.

दोन! काकांना उजव्या गालावर एकच आहे, मोठा. मी म्हटलं एआय उगाच घालतंय, पुसला, परत आला. इन्स्टंटआयडी करून बघितलं, आयपी-अडॅप्टर करून बघितलं (हे दोन्ही एक-दोन फोटोंवरून चेहरा पकडतात, आणि यांना साध्या तोंडाचा फोटो द्यायचा असतो, जाड रंग असला की चेहरा सापडतच नाही असं बऱ्याचदा होतं). काही केल्या दोन तीळ. शेवटी रात्री अकरा वाजता मी मॉडेल सोडून मूळ फोटो उघडून बघितले. दिवसाचा फोटो मी मागच्या कॅमेऱ्याने काढलेला. रात्रीचा फोटो, जो मी रंगाचा नमुना म्हणून सोबत देत होतो, तो त्यांच्या पुतण्याने सेल्फी काढून दिलेला, आणि त्याच्या फोनमधे सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह होते. म्हणजे एका फोटोत तीळ डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, आणि मॉडेलने बिचाऱ्याने दोघांचं पण मन राखलं. नुसता तीळ नाही हो, भांग उलटा, कुठला कान जास्त बाहेर ते उलटं, तुटका दात उलटा. म्हणून तोंड कुठेतरी चुकल्यासारखं वाटत होतं पण बोट ठेवता येत नव्हतं.

तर काहीही करायच्या आधी हे तपासा. फोटोत कुठे अक्षर असेल, शर्टावर किंवा मागच्या बॅनरवर, ते सरळ वाचता येतंय का बघा. अक्षर नसेल तर घरच्यांना विचारा तीळ कुठल्या बाजूला. बऱ्याच फोनमधे सेल्फी उलटी सेव्ह करायची की नाही याचं सेटिंग असतं, ते ज्याने फोटो काढला त्याच्या फोनवर बघावं लागतं. आणि याच कारणाने तोंडाचा अर्धा भाग फ्लिप करून दुसरीकडे लावायचा जो जुगाड लोक करतात तो करू नका, कोणाचंच तोंड दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, तसं केलं की माणूस पुतळ्यासारखा दिसतो.

सेल्फीचा अजून एक त्रास म्हणजे नाक. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या जास्त जवळ असतं. तोच माणूस दोन मीटरवरून काढला की वेगळा दिसतो. दोन फोटो दोन अंतरांवरून असतील तर मॉडेलला ते दोन माणूसच वाटणार, आपल्याला पण वाटतात. मी आता सरळ फोटो मीच काढतो, पडवीत सावलीला, माणसापासून दोन मीटर लांब, फोनला २ पट झूम, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, ब्युटी मोड बंद. ब्युटी मोड खास करून बघा, काही फोनमधे बंद केलाय असं वाटतं आणि असतो चालू.

मुकुटाचं थोडक्यात. नुसतं दशावतारी मुकुट असं लिहिलंत तर मला तरी दर वेळी कथकली नाहीतर यक्षगान आलंय, हिरवं तोंड आणि डोक्यामागे हे एवढं चाक. स्टेबल डिफ्युजन ज्या लायन-५बी नावाच्या ढिगातल्या चित्रांवर शिकलं त्यात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या आहेत, पण आपल्या जत्रेतले फोटो लोक टाकतात ते "काल रात्री, मजा आली" असं लिहून, त्यावरून मॉडेलला काय कळणार की हा दशावतार आहे. म्हणून नाव घेऊ नका, मंडळाच्या खऱ्या मुकुटाचा फोटो काढून रेफरन्स म्हणून द्या. मी तर हल्ली मुकुट एआयकडून करूनच घेत नाही. पेटाऱ्यातला खरा मुकुट बाहेर काढलेला असतो तेव्हा परवानगी विचारून फोटो काढतो आणि फोटोपी नावाच्या फोटो-एडिटरमधे वरून बसवतो, ब्राउझरमधेच चालतं, फुकट आहे. खड्यांची चमक एआय जास्तच करतो, खऱ्या मुकुटाचा एखादा खडा पडलेला असतो आणि मंडळातल्या माणसाला तो कुठला ते माहीत असतं.

स्त्रीपार्ट करणाऱ्यांचं काम आलं तर अजून सावध. मागच्या सीझनला एकांचा फोटो केला, दिवसा रिक्षा, रात्री राणी. एआयने सरळ एक बाई काढून दिली. जबडा बारीक, मान लांब, खांदे उतरते, त्वचा लोण्यासारखी. त्यांनी बघितलं आणि हसून म्हणाले, "ही बरी आसा, पण मी खय?" आता त्या फोटोतली सगळी गंमतच अशी की तोच जबडा आहे आणि त्यावर नथ आहे. तिथे "स्त्री", "राणी", "सुंदर" यातला एकही शब्द वापरायचा नाही. "नऊवारी नेसलेला पुरुष, रंगमंचावरचा मेकअप, केसांचा टोप, नाकात नथ, रुंद जबडा आहे तसा" असं लिहा, आणि चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला मास्कच मारू नका, ओठांचा रंग हाताने भरा.

आरशाचा लेआउट मला अर्ध्या-अर्ध्यापेक्षा जास्त आवडतो, म्हणजे माणूस बाहेर साधा आणि हातातल्या आरशात राजा. यात दोन पूर्ण चेहरे लागतात त्यामुळे वरची एका फोटोची युक्ती चालत नाही. आधी साधा फोटो, त्याचीच कॉपी घेऊन तिच्यावर पूर्ण रंग, आणि मग ती कॉपी आरशात बसवताना मात्र फ्लिप करायची, कारण आरसा आहे. वर म्हटलं फ्लिप करू नका, इथे करा. एआयला एकदम सांगितलं तर तो आरशात माणसाला सरळच ठेवतो, नाहीतर आरशातला माणूस भलतीकडेच बघत असतो. एक दोष राहतोच यात, आरसा जरा तिरका धरलेला असला तर आरशातला चेहरा पण जरा वळलेला दिसायला पाहिजे आणि आपली कॉपी असते समोरून. मी आरसाच जवळपास सरळ धरायला लावतो, सुटलो.

लाइटचं एक. दिवसाची बाजू म्हणून वरून ऊन आणि रात्रीची बाजू म्हणून खालून पिवळा उजेड, हे ऐकायला भारी आहे, पूर्वी गॅसबत्त्या असायच्या तेव्हाचे फोटो तसेच दिसतात. पण एका नाकाच्या दोन सावल्या पडल्या की लगेच खोटं कळतं. रंग बदला, एका बाजूला पांढरट, एका बाजूला पिवळा, पण उजेड येतो ती दिशा दोन्हीकडे एकच ठेवा.

गोरं करण्याची खोड बऱ्याच टूल्सना आहे. रापलेला माणूस टाकला की दोन शेड उजळ होऊन येतो आणि कपाळावरच्या आठ्या इस्त्री केल्यासारख्या जातात. शेवटी चेहरा शार्प करायला जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मर वापरत असाल तर फुल ताकदीवर कधीच नको, ते सगळ्यांना एकाच घरातले करून टाकतात. मी त्याचा निकाल वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि ओपॅसिटी ३० टक्क्यांवर, तेवढा पुरे.

बॅनरवरची अक्षरं एआयला सांगू नका, "हार्दिक शुभेच्छा" मधलं एक तरी जोडाक्षर बऱ्याचदा मोडतं, आपला नेहमीचा फॉन्ट घ्या आणि टाइप करा. आणि फाइल गिऱ्हाइकाला किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की लहान होतो, आणि ऑटोमॅटिक११११ पीएनजीच्या आत प्रॉम्प्ट, सीड, सगळे आकडे लिहून ठेवतो ते पण उडतात. पुढच्या वर्षी तोच माणूस "तसलोच परत करून दी" म्हणून येतो तेव्हा ते आकडे नसले की पहिल्यापासून.

काकांचा फोटो शेवटी पाचव्या दिवशी झाला. डाव्या कडेला घाम, रापलेला गाल, तीळ एकच. उजव्या कडेला रंग, काजळ, खरा मुकुट. बिडी कुठेच नाही. काकीकडे नेला, तिने या वेळी हात धुतले आणि कागद हातात घेतला, बघितलं, "आता आमचे" म्हणाली, आणि मी सुटलो असं वाटतंय तोवर म्हणते, "दात खय गेलो?"

बघतो तर तुटका दात एआयने भरून दिलेला. मी डोळे मास्कच्या बाहेर ठेवलेले आणि दात विसरलो, वर तुम्हाला सांगतोय ते तिच्यामुळेच. दुकानात येऊन मूळ फोटोतून तुटका दात कापून वर लावला, पाच मिनिटं पण लागली नाहीत, आणि प्रिंटला टाकलं.

संध्याकाळी काकांचा फोन. मला वाटलं अजून काही राहिलं. तर म्हणे मंडळात जो संकासूर करतो त्यानेही बॅनर बघितला आणि त्यालाही असाच पाहिजे, अर्धा तो, अर्धा संकासूर. संकासुराचं अख्खं तोंड काळ्या कापडात झाकलेलं असतं. मी उद्याच देतो म्हटलं.